पेठ कुठली, पावणं?

कोथरूडचा माणूस जन्मतःच प्रेक्षक असतो. त्याला कुणाचा पाठीराखा करणं मात्र आजवर कुणाला जमलेलं नाही. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात तो वेळेवर येतो, नंबराप्रमाणे बसतो, आणि शेवटच्या प्रवेशात नायक मरणार हे नक्की झालं, की पार्किंगमधून स्कूटर आधी निघावी म्हणून उठतो. नायकाशी त्याचं वैर नसतं. नातंही नसतं, इतकंच.

२०१४ साली पुण्याला आयएसएलमध्ये स्वतःचा फुटबॉल क्लब मिळाला, एफसी पुणे सिटी. सामने बालेवाडीला, सहमालकांत हृतिक रोशन. आमच्या सोसायटीतून मोठ्या उत्साहाने मंडळी गेली आणि परत आल्यावर दोन दिवस चर्चा चालली, ती हृतिक कुणाला किती अंतरावरून दिसला याची. २०१९ साली क्लब गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. गल्लीत दिव्याचा खांब दोन फूट सरकवला तरी वर्तमानपत्रात पत्र लिहिणारे आमचे शेजारी, पण या प्रकरणी एकानेही पेनाचं टोपण काढलं नाही. पुढे २०२२ मध्ये हैदराबादने ती लीग जिंकली आणि त्यांच्या संघात होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव. २०२४ मध्ये पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचं अजिंक्यपद मिळवलं, तर तो अंतिम सामनाही हैदराबादेतच. पुण्याला जिंकायचं असेल तर त्याने पुण्यापासून लांब राहावं, असं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

हा विषय पुन्हा निघाला तो आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींमुळे. ते मुलाकडे मेलबर्नला राहून आले आणि येताना ऑस्ट्रेलियन फुटबॉल घेऊन आले. म्हणजे चेंडू नव्हे, नुसतं ज्ञान. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका बाजूला अठरा-अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून मारला तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक.

"हुकल्याबद्दल गुण?" मी विचारलं.

"उत्तेजनार्थ," ते म्हणाले. माजी प्राध्यापक असल्यामुळे त्यांना यात काही गैर दिसलं नव्हतं.

त्यांच्या सांगण्यात दोन गोष्टी मात्र ऐकण्यासारख्या होत्या. एक म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांच्या लीगमध्ये लोक मैदानाच्या कडेनं मोटारी लावून आतच बसतात आणि आपल्या संघाचा गोल झाला की हॉर्न वाजवतात. (या हिशेबाने कर्वे रोडवर आम्ही रोज संध्याकाळी विश्वविजेते ठरतो.) दुसरी गोष्ट फिट्झरॉयची. मेलबर्नचं एक उपनगर, १८८३ पासूनचा क्लब. १९९६ च्या मोसमानंतर पैशाअभावी त्याला ब्रिस्बेनच्या संघात विलीन केलं. लोक रडले, भांडले, आणि २००९ मध्ये त्याच नावाने, त्याच जुन्या ब्रन्सविक स्ट्रीट मैदानावर हौशी लीगमध्ये खेळू लागले. "याला म्हणतात निष्ठा!" सेक्रेटरी म्हणाले. "आपल्याकडे आहे का हे कुठे?"

"आहे," मी म्हणालो. "स्वारगेटहून एसटी मिळते."

खंबाटकीचा घाट, सातारा, कऱ्हाड हे सगळं मी वगळतो, कारण त्या रस्त्याचं काम चालू आहे आणि ते चालू असल्याचं वर्णन माझ्या आधीच्या पिढीने करून ठेवलेलं आहे. सेक्रेटरींजवळ एक पिशवी होती. तीत उशी, थर्मास, कानात घालायचा कापूस, उन्हाची टोपी आणि नियमांची स्वतः काढलेली टिपणं. कोल्हापुरात उतरल्यावर उद्यमनगरात फडतरेंची मिसळ खाल्ली. "तिखट नको" असं सेक्रेटरी ज्या सुरात म्हणाले, त्या सुरात आमच्याकडे "सत्यनारायणाला कांदा नको" म्हणतात. दुकानातल्या माणसांनी ते अतिशय आदराने ऐकलं आणि काहीही बदल केला नाही.

राजर्षी शाहू स्टेडियम हे खासबागेच्या कुस्ती मैदानापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि कोल्हापूरचा फुटबॉल समजायला एवढा भूगोल पुरे. इथले संघ म्हणजे तालमी. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. लाल मातीत घुमणारी पोरं पुढे चेंडूमागे धावू लागली, पण पाटी तालमीचीच राहिली. लीग चालवते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, जिची स्थापना १९४० सालची. तीच तालीम गणपती बसवते, महाद्वार रोडवर मिरवणुकीत शेजारच्या तालमीपेक्षा मोठा आवाज काढते, २०१९ च्या महापुरासारख्या वेळी लोकांना बाहेर काढते, आणि थंडीत लीग सुरू झाली की फुटबॉल खेळते. त्यामुळे इथे "तुम्ही कुठल्या संघाचे?" हा प्रश्नच कुणाला सुचत नाही. मताधिकार अठराव्या वर्षी मिळतो, तालीम बारशालाच.

मैदानाबाहेर चहाच्या गाड्यावर एक मावशी होत्या. आज पाटाकडील विरुद्ध दिलबहार म्हणजे त्यांच्या धंद्याची दिवाळी. सेक्रेटरींनी विचारलं, "तुमचा पाठिंबा कुणाला?"

"माझं म्हायेर पाटाकडीलचं, सासर दिलबहारचं."

"मग आज?"

"सकाळपास्नं सासरचा हाय मी. सामना सुरू झाला की गप बसतो."

चार वाजायच्या बऱ्याच आधी गॅलऱ्या भरल्या होत्या. सेक्रेटरी आपला नंबर शोधत होते. नंबर नावाची वस्तू त्या पायऱ्यांवर नव्हती. दोन गडी सरकले, मधे उशी बसली, उशीवर सेक्रेटरी. शेजारच्या पिकल्या मिशांच्या गृहस्थांनी निरखून पाहिलं.

"पावणं, पेठ कुठली?"

"आम्ही कोथरूडचे."

"ही कुठली पेठ?"

"पेठ नाही. उपनगर आहे."

त्यांनी आमच्याकडे दयेने पाहिलं. "गणपती कुठला बसवताय?"

"सोसायटीचा."

"आन् भांडान कुणासंगं हुतंय?"

"शेजारच्या सोसायटीशी. पाण्यावरून. पार्किंगवरूनही."

"मग हाय की पेठ!" त्यांचा जीव भांड्यात पडला.

मागून कुणीतरी म्हणालं, "कोथरूड म्हंजे आमचं चंद्रकांतदादा गेल्यात तिकडं?" मी हो म्हणालो, २०१९ पासून चंद्रकांत पाटील आमचेच आमदार. मग लेक दिलेल्या घराची करावी तशी चौकशी झाली. बरं चाललंय न्हवं? माणसं बरी हाईत न्हवं तिकडली? तुम्ही लोक त्यांना बाहेरचं म्हणत हुता म्हणं? सेक्रेटरींनी पाण्याची बाटली उघडून तोंड गुंतवून ठेवलं.

आम्ही पाटाकडीलच्या गॅलरीत बसलो होतो, याचा अर्थ सेक्रेटरींना मध्यंतराच्या जरा आधी कळला. दिलबहारच्या एका पोराने डावीकडून दोघांना चकवून आत घेतलं आणि कोपऱ्यात असा काही चेंडू ठेवला, की सवाई गंधर्व महोत्सवात घडलेल्या आमच्या सेक्रेटरींचा हात आपोआप मांडीवर पडला. "वाऽ! क्या बात है!"

समोरची गॅलरी उसळली होती. आमची गप्प होती. त्या शांततेत ती दाद फार स्पष्ट ऐकू आली.

"पावणं," मिशा हळूच म्हणाल्या, "वळखीचा हाय काय त्यो?"

"नाही, पण खेळ सुंदर होता. चांगल्याला चांगलं म्हणावं."

"म्हणावं की. घरी जाऊन म्हणावं."

एरवी भावा म्हणणारी ती माणसं क्षणभर परकी झाली, आणि मला जरा भीतीही वाटली. ती अगदीच निराधार नव्हती. याच मैदानाने दगड पाहिलेत, लाठ्या पाहिल्यात, थांबलेले सामने पाहिलेत. या प्रेमाचं कौतुक करताना ते विसरून चालत नाही, आणि कोल्हापूरचे जाणते लोकही त्यावर जाहीरपणे कपाळाला हात लावतात. पण त्या दिवशी गॅलरीने फक्त सेक्रेटरींची टोपी घेतली आणि समोर दिसू नये म्हणून उशीखाली ठेवली.

उत्तरार्धात त्यांचं शिक्षण पूर्ण झालं. आफ्रिकेतून आलेल्या एका उंच खेळाडूला गॅलरी अस्सल कोल्हापुरीत पास कुठे द्यायचा ते सांगत होती, आणि तो बरोब्बर तिथेच देत होता. पंचांच्या कुळाचा उद्धार होत होता. सेक्रेटरींनी कापूस काढला, तो कानात घालण्याऐवजी मागच्या पोराच्या खरचटलेल्या कोपराला दिला. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा एसटी गाठायची म्हणून ते सवयीने उठले. अख्ख्या ओळीने त्यांना खाली ओढलं.

"नव्वद मिनटं झाल्याबिगर हितनं मेल्यालं बी उठत न्हाई!"

शिट्टी झाल्यावर त्यांनी वही काढून विचारलं, या निकालाने गुणतक्त्यात काय फरक पडेल. मिशांनी हात झटकला. "त्ये केएसए बघंल. तक्ता वरसाचा असतोय. ह्यांचं तोंड आमाला रोज बघायचं असतंय."

बाहेर आलो तर मावशींच्या गाड्याभोवती दोन्ही तालमींची गर्दी, आणि प्रत्येकजण आपण का जिंकायला हवं होतं ते सांगत होता. आम्ही दोन चहा घेतले आणि पैसे विचारले.

"कुठल्या गॅलरीत हुता?"

"पाटाकडीलच्या."

"तीस रुपयं."

"आणि दिलबहारवाल्यांना?" सेक्रेटरींनी वही पुन्हा उघडली.

"त्यांच्याकडनं कुठलं घेतो? सासरचं हाईत. चौदा वरसाची उधारी हाय."