गटारातून आलेलं आमंत्रण

लंडन,
२४ ऑगस्ट २०२२

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

व्हॉट्सॲपवर मी कितीही लांबलचक लिहिलं तरी तू एक अंगठा पाठवून मोकळी होतेस. गणपतीला इथले एक ओळखीचे रत्नागिरीला निघालेत, त्यांच्या बॅगेत हे पत्र कोंबते आहे. बाबांनाही वाचून दाखव.

तर, तुझ्या नातवाला पोलिओचा डोस देऊन आणला. चष्मा पुसू नकोस, पोलिओच लिहिलंय. अंगणवाडीच्या नोकरीत थंड पेटी खांद्याला लावून तू भाट्यापासून मिऱ्यापर्यंत दारं ठोठावलीस, २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला तेव्हा आळीत पेढे वाटलेस. आता तो पाहुणा सापडला कुठे, तर लंडनच्या गटारात!

इथे सांडपाण्याचे नमुने नेमाने तपासतात. (बाबा, आपल्या आळीत हे सुचवू नका. आधी गटार कुठून कुठे जातं ते सापडायला हवं.) बेक्टनला मैलापाण्याचं अवाढव्य केंद्र आहे, जवळजवळ चाळीस लाख माणसांचं सगळं तिथे येऊन पडतं. फेब्रुवारीपासून त्यात विषाणू मिळायला लागला. मूळ तोंडाने द्यायच्या लशीतलाच, परदेशातून कुणाच्या तरी पोटातून आलेला. लस न घेतलेल्यांत फिरता फिरता बदललेला. लकवा कुणालाही झालेला नाही, पण सरकारने धसका घेतला आणि १० ऑगस्टला जाहीर केलं की लंडनमधल्या एक ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा डोस. पहिले डोस पूर्ण असले तरीसुद्धा.

आणि थेंब नाहीत हं. इथे २००४ पासून सुईच. चिरंजीवांना मी ही बातमी दिली नव्हती.

शनिवारी दवाखान्यात गेलो तर बाबागाड्यांनी दारच बुजलेलं. रांग कुठून सुरू होते कुणाला पत्ता नाही. एका कोपऱ्यात दोन रांगा एकमेकींत शिरल्या होत्या आणि जो तो दुसऱ्याला ‘सॉरी’ म्हणत जागच्या जागी उभा. मला मेलं गुदमरायला झालं. एवढी गर्दी आणि कुणी ओरडत नाही म्हणजे काय? एस.टी. स्टँडवरचं तुझं टेबल आठवलं. लांज्याची गाडी सुटायला आलेली, कंडक्टर घंटी मारतोय आणि तू त्यालाच दटावतेयस, ‘थांब रे, एक पोर राहिलंय!’ मग डाव्या हाताने गाल दाबून तोंडाचा चंबू, दोन थेंब आत, करंगळीला शाई, पुढचा. रडायला सवड मिळायच्या आत पोर गाडीत.

इथे नर्सने गुडघ्यावर बसून चिरंजीवांना विचारलं, ‘कुठल्या दंडावर देऊ?’ त्याने नीट विचार करून बापाच्या दंडाकडे बोट दाखवलं. ती हसली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा बापच. ह्या वाटाघाटी चालू असताना मागे सगळा दवाखाना तिष्ठत उभा, आणि तुझे जावई बाही वर सारू की नको अशा विचारात. शेवटी मी तुझा आवाज काढला. मराठीतच. पोराला मांडीवर घेतलं, पाय माझ्या गुडघ्यांत, हात काखेखाली, ‘हं, द्या.’ झालं! तो किंचाळला तोवर पट्टीसुद्धा लागली होती.

आणि मग गंमत. शेजारच्या सोमाली बाईने न बोलता आपला मुलगा माझ्या मांडीवर ठेवला. त्याच्यामागून आणखी एक आलं. थोड्या वेळाने मी ‘रांग इकडून!’ म्हणून हात करत होते आणि लोक निमूट हलत होते. नर्सने विचारलं, ‘तुम्ही इथेच काम करता का?’ म्हटलं, नाही, माझी आई करायची.

चिरंजीवांना बक्षीस म्हणून डायनासोर चिकटवला. त्याने तो परत केला. आजीने सांगितलंय, बोटाला शाई लावतात, ती कुठाय? जावयांनी खिशातलं बॉलपेन काढून डाव्या करंगळीचं नख रंगवलं, तेव्हा गडी बाहेर पडला. दोन दिवस तो हात पाण्यात घालू देत नव्हता. ताप नाही, दंड जरा दुखत होता. हळद लावायला सांगू नकोस, लावून झाली.

घरी आल्यावर राहवेना म्हणून आमच्या दारावर खडूने ‘पी’ काढला. समोरच्या शेजारणीने हे काय म्हणून विचारलं. घरातली सगळी पोरं झाली की ‘पी’, एखादं राहिलं की ‘एक्स’, असं समजावलं तर तिचा चेहरा पडला. धाकटीचं राहिलंय. शनिवारी नेते म्हणाली आहे. मी हो म्हटलं, पण खडू दाराशीच ठेवला आहे.

बाबांना साष्टांग नमस्कार. येणाऱ्या माणसाबरोबर कोकमाचं आगळ पाठव, बाटलीला दोन पिशव्या बांधून. मोदकांचे फोटो मात्र पाठवू नकोस.

तुझी,
बाबी