इंग्रजी शुद्धतेचा वसा कसा घ्यावा

हे व्रत कोणत्याही वारी सुरू करता येतं. साहित्य थोडकंच : एक लाल पेन, कपाळावर कायमची आठी आणि एक जाडजूड इंग्रजी कोश. कोश पाहुण्यांना दिसेल असा ठेवावा, उघडू मात्र नये. ऑक्सफर्डच्या कोशाने २०११ साली 'लिटरली'च्या नोंदीत 'नुसता जोर देण्यासाठी' हाही वापर घेतला. हे वाचलं की व्रत मोडतं. आपण कालच 'हसून हसून अक्षरशः मेलो' म्हणालो होतो, हेही साधकाने आठवू नये.

पहिली पायरी बाजारात. ब्रिटनच्या सुपरमार्केटांत थोडं सामान घेणाऱ्यांसाठी वेगळा गल्ला असतो आणि त्यावर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असायची. साधकाने टोपली खाली ठेवावी, पाटीकडे बोट दाखवावं आणि रांगेच्या शेपटापर्यंत ऐकू जाईल असं सांगावं : मोजता येतं त्याला 'फ्यूअर', मोजता येत नाही त्याला 'लेस'. दूध लेस, अंडी फ्यूअर.

मग कुणी 'पण हे ठरवलं कोणी?' असं विचारायच्या आत पैसे देऊन निघावं. कारण रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी १७७० साली एवढंच लिहिलं होतं की, अशा ठिकाणी आपल्याला 'फ्यूअर' जास्त डौलदार वाटतं. एकाची आवड पुढे सगळ्यांचा कायदा झाली. त्याआधी थेट नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजापासून मोजता येणाऱ्या गोष्टींनाही 'लेस' लागतच होतं. टेस्को या सुपरमार्केटने २००८ मध्ये पाटीवर 'अप टू टेन आयटम्स' लिहून तंटाच मिटवला. साधकांची हक्काची जागा गेली.

दुसरी पायरी सोपी. वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन येऊ देऊ नये. कवी ड्रायडनने १६७२ साली यावरून नाटककार बेन जॉन्सनला टोकलं आणि पुढे स्वतःचीही जुनी वाक्यं दुरुस्त केली. म्हणून 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' न म्हणता 'ॲट व्हॉट आर यू लुकिंग?' असं विचारावं. समोरचा बघतच राहतो.

तिसऱ्या पायरीवर एका माणसासाठी 'दे' वापरणाऱ्यांना गाठावं. मेरियम-वेबस्टर या कोशाने २०१९ साली याच 'दे'ला वर्षाचा शब्द ठरवलं, तेव्हा ही आजकालची थेरं आहेत असं ठणकावावं. हा वापर चौदाव्या शतकातही सापडतो, पण ते कोशात आहे आणि कोश उघडायचा नाही असं ठरलंच आहे. खुद्द 'यू'ही एकेकाळी अनेकवचनीच होता. सतराव्या शतकातले क्वेकर पंथीय न्यायाधीशालासुद्धा एकवचनी 'दाऊ', म्हणजे 'तू', म्हणत आणि उद्धट ठरत. कडक व्रत पाळायचं तर साधकाने उद्या ऑफिसात साहेबांना 'दाऊ' म्हणून पाहावं. घरी आल्यावर मात्र 'बाबा आले का?' असंच विचारावं. बाबा एकच असले तरी.

राहिलं उद्यापन. जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१ साली इंग्लंडमध्ये ॲपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली. २०१२ मध्ये वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानानेच आपल्या पाटीवरचं ते चिन्ह काढून टाकलं. शेवटी २०१९ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं जाहीर करून त्यांनी संस्था बंद केली. बातमी पसरताच संस्थेच्या संकेतस्थळावर अशी झुंबड उडाली की ते काही काळ बंद ठेवावं लागलं. लाल पेनं अजून बरीच शिल्लक होती.