आजचा रंग: जांभळट

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहाटेपासून गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ पडायला लागतात. त्यात एक फोटो नाल्याचा असतो. खाली मजकूर मोजका. ‘५.२०. रंग जांभळट. वास सडक्या अंड्यांचा. फेस बोटभर.’ पाठोपाठ कोणीतरी न बघताच दोन हात जोडलेले टाकतं. हे काका.

अंबरनाथ, डोंबिवली, तळोजा, रसायनी, लोटे. जिथे एमआयडीसी आणि वाहतं पाणी शेजारी नांदतात, तिथे असा एक गृहस्थ असतोच. आमच्या वाट्याला आलेत ते वालधुनीचे. ही नदी काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते, अंबरनाथच्या शिवमंदिराला बिलगून जाते, उल्हासनगर पार करते आणि कल्याणला खाडीत पडते. देऊळ १०६० सालचं, शिलाहारांचं. आम्ही सगळे नदीला नालाच म्हणतो, पण काकांच्या माघारी.

काका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमधून निवृत्त झाले. निवृत्तीला मिळालेली शाल त्यांनी एकदाही पांघरली नाही. तिच्यात सँपलच्या बाटल्या गुंडाळतात, काच काचेवर आपटू नये म्हणून. सँपल थंड ठेवावं लागतं, त्यामुळे घरच्या फ्रिजचा खालचा कप्पा नदीच्या मालकीचा आहे. एकदा मी उन्हातून गेलो आणि काकींनी आतून ओरडून सांगितलं, “ताक डावीकडचं घे रे! उजवीकडचं उल्हासनगर कॅम्प नंबर चारचं आहे!” त्यानंतर मी त्यांच्याकडे फक्त चहा पितो, तोही समोर उकळताना बघून.

रसायनांच्या वासांच्या बाबतीत काकांचं नाक पक्क्या गवयाच्या कानासारखं आहे. कुठल्या कारखान्याने आज काय सोडलंय ते पुलाच्या अलीकडूनच सांगतात. मात्र घरात गॅसवर दूध करपलेलं त्यांना कळत नाही.

त्यांचा प्रयोग एकदा बघण्यासारखा आहे. पुलाच्या कठड्यावर वर्तमानपत्र पसरायचं. काचेच्या बुचाची बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. मग मॅंगनीज सल्फेट, मागून अल्कली आयोडाइड, तळाशी नेऊन हलकेच सोडायचं. बूच लावून बाटली चार वेळा उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढराशुभ्र. “मासा जगायला लिटरमागे चार मिलिग्रॅम तरी लागतो रे,” काका बाटली उन्हात धरून सांगतात. वरच्या अंगाला, डोंगराजवळ, साका तपकिरी येतो. उल्हासनगर ओलांडलं की पांढरा. आणि पांढरा आला की काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते मुलगा बारावीला पास झाला तेव्हाही दिसलं नव्हतं.

इथेच खरी गोम आहे. नदी स्वच्छ व्हावी म्हणून ज्याने आयुष्य वाहिलंय, तो माणूस नदी स्वच्छ दिसली की अस्वस्थ होतो. २०२० च्या टाळेबंदीत कारखाने बंद पडले, पाण्यातले रंग गेले, उरलं ते घरगुती सांडपाणी. काकांनी रंगाच्या रकान्यात ‘पाण्यासारखा’ असं लिहिलं आणि दोन दिवस जेवण सोडलं. “लबाडी आहे ही,” म्हणाले. कोणाची, ते त्यांनाही सांगता येईना.

त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर रात्री कोणीतरी टँकरभर रसायन या नदीत ओतलं आणि उल्हासनगरचे शेकडो लोक मळमळत, उलट्या करत दवाखान्यात गेले. २०१७ मध्ये तळोज्याला कासाडी नदीतल्या रंगामुळे कुत्री चक्क निळी झाली होती. त्यांचे फोटो काकांच्या पाकिटात आहेत. काकींचा नाही. तेव्हापासून पाऊस आला की सगळ्या जगाला भजी आठवतात, काकांना व्हॉल्व्ह. चार थेंब पडायचा अवकाश, की हौदातलं सगळं नदीच्या नावावर घालायला कारखानदार मोकळा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून छत्री, बॅटरी आणि दोन लिटरचा कॅन घेऊन ते मध्यरात्री पुलावर.

पण कॅन भरून उपयोग काय? तपासणीला आलेल्या एका साहेबांसमोर काकांनी रात्री अडीचचं पाणी ठेवलं. साहेब अकराला आले होते आणि तेव्हा नदी सोवळं नेसून बसली होती. साहेब म्हणाले, “काका, हे कोर्टात नाही चालणार. कलम २१ बघा.” म्हणजे १९७४ च्या जल कायद्याचं. मालकाला नोटीस, त्याच्यासमोर सँपल, डबा सीलबंद, त्यावर दोघांच्या सह्या. “चोराने सही केली तरच चोरी झाली म्हणायचं का?” काका कडाडले. शिवाय नोटीस मिळूनही मालक मुद्दाम गैरहजर राहिला तर सँपल घेणाऱ्याने एकट्याने सही करावी, हेही त्याच कलमात आहे आणि काकांना पाठ आहे. साहेबांनी घड्याळ बघितलं. कायद्याच्या नजरेत काकांचे सगळे कॅन म्हणजे लोणचं.

काकांना स्वतःच्या लग्नाची तारीख विचारा, अडखळतील. नदीत सोडायच्या पाण्याची मर्यादा विचारा: पीएच साडेपाच ते नऊ, सीओडी २५०, बीओडी ३०. बीओडीसाठी पाणी २७ अंशांवर तीन दिवस ठेवावं लागतं. यावर काकींचं म्हणणं, “नाल्याला तीन दिवस २७ अंशांत ठेवतात. मला अजून महाबळेश्वर दाखवलं नाही.”

मुलाचं लग्न ठरायच्या वेळी तर कमाल झाली. मुलगी छान, शिकलेली. वडिलांचं कपडे रंगवण्याचं युनिट. कांदेपोहे झाले, पत्रिका पुढे आली. काकांनी पत्रिका न उघडताच बाजूला ठेवली आणि विचारलं, “प्रदूषण मंडळाचं कन्सेंट कधीपर्यंत आहे?” काकींनी टेबलाखालून पाय दिला. मुलीचे वडील शांतपणे उठले आणि फाइल घेऊन आले. मग काकांना मागच्या अंगणात नेऊन प्रक्रियेचे हौद दाखवले. काकांनी खिशातली पीएचची पट्टी बुडवली. सात पॉइंट चार. पुन्हा बुडवली. तेच.

परतताना रिक्षात काका गप्प. शेवटी म्हणाले, “इतकं बरोबर कोणाचंच नसतं. दुसरा पाइप असणार.”

“स्थळ नाकारायचं का मग?” काकी.

“छे! नाकारलं तर परत आत कोण सोडणार?”

लग्न झालं. दिवाळसणाला जावयाबरोबर काका-काकींनाही आग्रहाचं बोलावणं आलं. पिशवीत चकलीच्या डब्याला लागून शालीत गुंडाळलेली बाटली होती. व्याह्यांनी ती पाहिली, हसले आणि मागच्या दाराची किल्ली काढली.

“काय घेता, आधी चहा की आधी आउटलेट?”

“आउटलेट,” काका चपला घालत म्हणाले. “चहाने नाक बिघडतं.”