घरबसल्या दमण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

डोंबिवलीहून फोर्टातल्या मीटिंगला जाणाऱ्याला दमण्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागत नाही. ते काम सकाळची फास्ट लोकलच उरकून टाकते. पण घरातल्या व्हिडिओ मीटिंगमध्ये पंख्याखाली, चहाचा कप हाताशी ठेवून, खुर्चीतून न उठता तेवढंच दमायचं तर अभ्यास लागतो.

होतकरूने सुरुवात स्वतःच्या चेहऱ्यापासून करावी. स्क्रीनच्या कोपऱ्यात आपली छबी दिसते. ती लपवायची सोय असते, तिकडे फिरकू नये. कोणी तिमाहीचे आकडे मांडो की कोणाची नोकरी जावो, नजर आपल्या विरळ होत चाललेल्या केसांवरच हवी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची चार कारणं मांडली, त्यात हे अखंड आरसा बघणं आहेच. त्याच विद्यापीठाच्या दहा हजारांवर लोकांच्या पाहणीत साधारण दर सात बायकांमागे एक फार थकलेली आढळली. पुरुषांत हे प्रमाण विसात एक. बायकांचं लक्ष स्वतःच्या छबीकडे जास्त जात होतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. पुरुषांना अजून बराच पल्ला गाठायचा आहे.

मग साहेबांचा चेहरा स्क्रीनभर करावा, म्हणजे ते अगदी नाकासमोर येऊन बसल्यासारखे वाटतात. माणसामाणसांतल्या अंतरांचा अभ्यास करणारे एडवर्ड हॉल दीड फुटाच्या आतली जागा अगदी जवळच्या माणसांसाठी राखून ठेवतात. प्रत्यक्षात इतक्या जवळ येणारा परका माणूस म्हणजे दंतवैद्य, आणि तो निदान भूल देतो.

हलू तर मुळीच नये. ऑफिसात माणूस खिडकीबाहेर बघतो, वहीच्या कोपऱ्यात गणपती काढतो, पाणी प्यायला उठतो. साध्या फोनवर तर बोलता बोलता गॅलरीत चार फेऱ्याही होतात. हे सगळे थकव्याचे शत्रू. चौकटीत ताठ बसून, ऐकतोय हे कळावं म्हणून मान मात्र गरजेपेक्षा दुप्पट जोरात डोलवावी.

नेट जरा अडखळणारं असेल तर उत्तमच. २०१४ च्या एका जर्मन प्रयोगात सव्वा सेकंदाच्या आतबाहेरच्या विलंबानेही पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा वाटू लागला. शिवाय ‘बोला ना’, ‘नाही नाही, तुम्ही बोला’ यात दोघेही गप्प बसतात आणि तिसराच ‘आवाज येतोय का?’ विचारतो.

दोन मीटिंगांमध्ये फट ठेवू नये. मायक्रोसॉफ्टने चौदा जणांच्या डोक्याला यंत्रं लावून पाहिलं : लागोपाठ बैठकांत मेंदूवरचा ताण चढत गेला, मध्ये दहा मिनिटं मिळाली की उतरला. तेव्हा चुकून फट मिळालीच, तर ती मेल बघण्यात घालवावी.

आता एक अडचण. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाच्या संशोधकांनी करोनानंतर नऊशेवर बैठका तपासल्या, तर व्हिडिओ मीटिंग मुळात जास्त थकवते असं काही निघालं नाही. उलट ४४ मिनिटांच्या आत आटोपलेली मीटिंग समोरासमोरच्या बैठकीपेक्षा कमीच दमवत होती. म्हणजे थकवा आपोआप पदरात पडेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. त्रेचाळिसाव्या मिनिटाला कोणी ‘चला, थांबू या’ म्हणालंच, तर होतकरूने ताबडतोब अनम्यूट होऊन ‘सर, एक छोटासा मुद्दा होता’ म्हणावं आणि स्क्रीन शेअर करायला घ्यावी. आधी चुकीची फाइल उघडली तर आणखी पाच मिनिटं सहज निघतात.