माहेरचा करारनामा

२००७च्या डिसेंबरात मी मॉर्गनटाउनला होते. वेस्ट व्हर्जिनियातलं हे डोंगरउतारावरचं गाव. खाली मोनोंगहेला नदी, वर विद्यापीठ, आणि मधल्या चढावर १९७५ पासून इमानेइतबारे धावणाऱ्या, चालक नसलेल्या चिमुकल्या गाड्या. मुलगा तिथे पीएचडी करत होता. तो सकाळी प्रयोगशाळेत गेला की मी खिडकीशी बसून पानं झडलेली झाडं मोजायची. अशाच एका रविवारी शेजारच्या आजी आल्या. डोळे लाल, नाक त्याहून लाल. घरात काहीतरी बरंवाईट झालं असणार, असं समजून मी आधी पाण्याचा पेला पुढे केला. त्या म्हणाल्या, "तो चालला. मिशिगनला." हा 'तो' म्हणजे मुलगा की नातू, याचा अंदाज घेत मी पाच मिनिटं 'हो का', 'अरेरे' करत राहिले. तो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच निघाला.

हे फुटबॉल म्हणजे आपलं नव्हे. ज्यात पायांना काम कमी आणि खांद्यांना फार, छातीला उशा बांधून माणसं एकमेकांवर कोसळतात, ते. त्या डोंगराळ राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे कोळशाच्या खाणीपासून चर्चच्या पायरीपर्यंत सगळ्यांचं कुलदैवत एकच, विद्यापीठाचा संघ. आणि हा कोच, रिच रॉड्रिग्ज, तर तिथलाच. जवळच्या ग्रँट टाउन नावाच्या खाणवाल्या खेड्यात वाढला, याच विद्यापीठात शिकला, शिष्यवृत्ती नसताना संघात शिरला, डॉन नेलन यांच्या हाताखाली खेळला आणि २००१ साली त्यांच्याच खुर्चीत बसला. २००६ मध्ये अलाबामाचं मोठं बोलावणं आलं तेव्हा तो गेला नाही. अख्ख्या गावाने तेव्हा निःश्वास टाकला होता. एकदा नाही म्हटलेला माणूस कायमचाच नाही म्हणाला, असं आपण किती भाबडेपणाने धरून चालतो! दुसऱ्या वर्षी १ डिसेंबरला, घरच्या मैदानावर, चार सामने जिंकून सात हरलेल्या पिट्सबर्गने त्याच्या संघाला १३-९ असं हरवलं. जिंकले असते तर राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना खेळायला मिळाला असता. त्यानंतर पंधराच दिवसांनी ही बातमी.

आजींच्या फ्रिजवर वर्तमानपत्रातून कापलेला त्याचा फोटो होता. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तर तिथे नुसतं चुंबक उरलेलं. फोटो त्यांनी बिलांच्या खणात उपडा घालून ठेवला होता. फाडला नव्हता. मी तो खण पाहिला हे त्यांनी पाहिलं, आणि आम्ही दोघींनी विषय बदलला. त्यांनी पेपरोनी रोल पुढे केले. खाणीत उतरणाऱ्या कामगारांची ती शिदोरी. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी एकात नुसतं चीज भरलं होतं. दुःखाच्या दिवशीही ज्या बाईला पाहुणीचं पथ्य आठवतं, तिच्या दुःखाला हसू नये. मी मनातल्या मनात थोडं हसले, ते मान्य करते.

आपण शिकलो त्या संस्थेला ही माणसं लॅटिनमधून 'अल्मा मातेर' म्हणतात, पोसणारी आई. मातेर आणि माहेर. एका अक्षराचा फरक, आणि मुळाशी दोन्हीकडे आईच. मला माहेर सोडून तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. सोडणार की नाही, यावर कोणी पैजा लावल्या नव्हत्या. घरचे रडले, पण मांडव काढणाऱ्याशी हिशेब चुकता करून मग रडले. इथे एका पुरुषाने माहेर सोडलं तर राज्यभर सुतक! शिवाय या माहेराने त्याच्याकडून लिहून घेतलं होतं, सोडून गेलास तर चाळीस लाख डॉलर भर. आईने मुलाकडून असा कागद करून घ्यावा, हे मला आधी विलक्षण वाटलं. मग आठवलं, आपल्याकडच्या आयाही घेतात, फक्त कागदावर नाही. ते चाळीस लाख कोणी भरायचे, यावर प्रकरण कोर्टात गेलं. २००८च्या जुलैत मिटलं तेव्हा सासरने, म्हणजे मिशिगन विद्यापीठाने, पंचवीस लाख उचलले आणि उरलेले पंधरा त्याने. बिदाईच्या वेळी पावती फाडलेली मी ही पहिलीच पाहिली.

मला आमच्या तालुक्याच्या कॉलेजातले गणिताचे सर आठवत राहिले. तेही तिथलेच विद्यार्थी. मातृसंस्थेत नोकरी करण्यातली गोची अशी, की तिथे कोणी तुम्हाला मोठं होऊ देत नाही. सरांनी अकरावीत असताना प्राचार्यांच्या सायकलची हवा सोडली होती. सर पुढे विभागप्रमुख झाले, केस पिकले, तरी शिपाईमामा त्यांना चहा देताना हळूच विचारत, "काय, आज कोणाची हवा?" पुण्याच्या एका कॉलेजचं पत्र त्यांना तीनदा आलं. ते लॉगटेबलच्या पुस्तकात घालून ठेवत आणि विद्यार्थ्याला पुस्तक देताना ते पत्र खाली पडे. त्यामुळे त्यांच्या जाण्या-न जाण्याची चर्चा कॉलेजात बारमाही चाले. तिसऱ्या पत्रानंतर एकदाचे गेले. अकरा महिन्यांनी परत आले. मी कारण विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाले, "तिथे सगळे सर-सर करतात हो. सायकलचं कोणालाच ठाऊक नाही."

मिशिगनलाही रॉड्रिग्जच्या सायकलचं ठाऊक नव्हतं. तिथल्या घरात 'मिशिगनचा माणूस' नावाची एक सोवळी कल्पना आहे. १९८९ मध्ये बास्केटबॉलच्या कोचने मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर दुसरीकडे हो म्हटलं, तेव्हा क्रीडासंचालक बो शेम्बेकलर यांनी त्याला तिथल्या तिथे रजा दिली. मिशिगनला मिशिगनचाच माणूस चालवील, असं बजावलं. गंमत म्हणजे हे बो स्वतः ओहायोचे. शिकले तिथेच, आणि मिशिगनच्या हाडवैऱ्याकडे नोकरीही केलेली. घराण्याच्या चालीरीती सर्वांत कडक पाळते ती बाहेरून आलेली सून. बोंना ते साधलं, रॉड्रिग्जला नाही. त्याची खेळाची पद्धत वेगळी, धावतीपळती; त्या घरात ती गोडा मसाला टाकलेल्या रश्श्यासारखी वाटली असावी. पहिल्या वर्षी तीन विजय, नऊ पराभव. तीन वर्षांत पंधरा विजय, बावीस पराभव. २०११च्या जानेवारीत त्याला निरोप मिळाला. तिकडे माहेरी, तो गेल्यावर तीनच आठवड्यांत, बदली कोच बिल स्टुअर्ट यांच्या हाताखाली मुलांनी ओक्लाहोमाला ४८-२८ असं लोळवलं होतं. आपल्यावाचून घर चालणार नाही, या समजुतीला असं उत्तर फार लवकर मिळू नये.

मग मिशिगनला घरचा मुलगा मिळाला. जिम हार्बॉ. बापही तिथेच बोंच्या हाताखाली कोच होता, म्हणजे पोरगं मैदानाच्या कडेलाच वाढलेलं. पुढे बोंच्याच संघात खेळला. २०१५ पासून तो कोच, आणि दर हिवाळ्यात एकच प्रश्न, जातो की राहतो? २०२४च्या ८ जानेवारीला त्याने वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून विजेतेपद आणलं, एकही सामना न गमावता. आता कशाला जाईल, असं सगळे म्हणाले. सोळाव्या दिवशी तो लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघाकडे गेला. व्यावसायिक खेळातला सर्वांत मोठा करंडक २०१३ मध्ये त्याच्या सख्ख्या भावाने त्याच्या नाकासमोरून नेला होता. आईचं देणं फिटलं की माणसाला भावाशी उरलेला हिशेब आठवतो.

२०२४च्याच १२ डिसेंबरला रिच रॉड्रिग्ज परत मॉर्गनटाउनला आला. सतरा वर्षांनी. मधल्या काळात ॲरिझोना, मग जॅक्सनव्हिलचं एक धाकटं विद्यापीठ, असं बिऱ्हाड फिरवून. काही लोक रागावलेलेच राहिले, आणि तेही बरोबरच. माहेरी एखादी तरी आत्या रुसलेली हवी, नाहीतर परत आल्यासारखं वाटत नाही. २०२५च्या १३ सप्टेंबरला, त्याच मैदानावर, त्याच पिट्सबर्गला त्याच्या संघाने जादा वेळेत ३१-२४ असं हरवलं. घरचा सामना जिंकला की तिथे जॉन डेन्व्हरचं घरी नेणाऱ्या रस्त्यांचं गाणं लागतं. १९८० मध्ये हे मैदान उघडलं तेव्हा डेन्व्हरने स्वतः येऊन ते गायलं होतं. निकाल मुलाने मला फोनवर पाठवला. मी आधी स्कोअर पाहिला, मग फ्रिजवरचं ते रिकामं चुंबक आठवलं.

आजी आता नाहीत. तो बिलांचा खण कोणाच्या घरी गेला, कोण जाणे. ज्याच्या हाती लागला असेल त्याने तेवढा फोटो सुलटा करावा, अशी माझी विनंती आहे.