बसमधले इतिहासाचार्य

लंडनहून सुटलेल्या त्या विद्यार्थ्यांच्या बसमध्ये इंग्लंडचा इतिहास फक्त आपल्यालाच कळतो, याबद्दल प्रस्तुत लेखकाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाकीचे सेल्फी काढायला आले होते, तो अभ्यासाला. म्हणूनच त्याने सेल्फी स्टिक आणली नव्हती. फोन मात्र रात्रभर चार्जिंगला लावला होता.

बस आधी बाथला थांबली. तिथे जमिनीतून रोज दहा लाख लिटरहून जास्त पाणी उसळतं, तेही ४६ अंश सेल्सिअसचं. रोमनांनी इथल्या सुलिस देवीला आपल्या मिनर्व्हाशी जोडून देऊळ उभारलं, शेजारी स्नानगृहं बांधली आणि यथेच्छ डुंबले. आता त्या पाण्यात बोट बुडवायचीही बंदी आहे. वरच्या गच्चीतले रोमन पुतळे मुळात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आहेत, ही माहिती लेखकाने तिथे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला, कोणी न विचारता, पुरवली. लोक आभार मानून दोन पावलं सरकत आणि पुन्हा तोच फोटो काढत.

रात्री फोनवर आई म्हणाली, "म्हणजे वज्रेश्वरीला जाऊन कोरडंच परत यायचं? मग तिकीट कशाचं घेतात रे?"

स्ट्रॅटफर्डला सगळे हेन्ली स्ट्रीटवर शेक्सपिअरच्या जन्मघराकडे वळले. लेखक न्यू प्लेसकडे गेला, कारण तिथे घर नाही. शेक्सपिअरने १५९७ मध्ये घेतलेल्या त्या जागेवरचं घर रेव्हरंड फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या धर्मगुरूने १७५९ मध्ये पाडलं, आणि या गॅस्ट्रेलवर लेखकाचा भारी जीव आहे. बिचाऱ्याने घर विकत घेतलं, तर आवारात तुतीचं झाड निघालं. ते म्हणे खुद्द शेक्सपिअरने लावलेलं. झालं! उठसूट लोक दारात. 'जरा झाड बघू का?' वैतागून गॅस्ट्रेलने झाडच तोडलं. गावाने त्याच्या खिडक्या फोडल्या आणि त्याच तुतीच्या लाकडाच्या डब्या, पेट्या, पेले करून विकायला काढले. हा माल इतकी वर्षं खपत राहिला की त्या एका झाडाचं अख्खं रान झालं असावं. पुढे नगरपालिकेशी कराची कटकट सुरू झाली. 'घ्या तुमचा कर!' म्हणत गॅस्ट्रेलने घरही जमीनदोस्त केलं आणि गाव सोडलं. दहा वर्षांनी, १७६९ मध्ये, नट डेव्हिड गॅरिकने तिथेच शेक्सपिअरचा महोत्सव भरवला. मानपत्राची पेटी अर्थातच तुतीची. भाषणं झाली, गाणी झाली, धो धो पाऊस झाला, नदीचं पाणी मांडवापर्यंत आलं. शेक्सपिअरचं नाटक मात्र एकही झालं नाही. नगरपालिका, कर, पाऊस आणि नाटकाविना नाट्यमहोत्सव! लेखकाला परदेशात आल्यासारखं वाटेना. पाडलेल्या घराच्या जागी आता बाग आहे. नसलेलं घर बघायचं तिकीट त्याने मुकाट्याने काढलं. गॅस्ट्रेल ज्यांना वैतागला, त्यांच्यातच आपण मोडतो, हे त्याने मनावर घेतलं नाही.

ऑक्सफर्डला वेळ तासाभराचाच. हॅरी पॉटरच्या चित्रपटात दिसलेला जिना बघायला सगळे क्राइस्ट चर्चकडे धावले. लेखक उलट दिशेने वुडस्टॉक रोडला, सॉमरव्हिल कॉलेजकडे निघाला. त्याला कारण होतं.

लेखक नाशिकचा. त्याला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा चौकात फ्लेक्स लागला होता. मधोमध त्याचा चेहरा, खाली शुभेच्छुकांचे चेहरे, आणि सगळे सारखेच गोरे. १८६६ मध्ये त्याच नाशकात कॉर्नेलिया सोराबजी जन्मली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती पहिली आली. त्या गुणांवर इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. बाई म्हणून नाकारली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलही त्यांत होती. १८८९ मध्ये कॉर्नेलिया सॉमरव्हिलला आली. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी ती पहिली स्त्री. १८९२ मध्ये तिला परीक्षेला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ती पास झाली, पण पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९२० मध्ये. नाशकातल्या शाळेत लेखक दहा वर्षं शिकला. तिथे हे नाव कुणीही घेतलं नाही, आणि याचा त्याला मनापासून राग येतो. तिच्यासाठी कुठल्या चौकात कोण फ्लेक्स लावणार होतं?

फाटकाशी तो जरा वेळ गप्प उभा राहिला. त्याच्या बाबतीत हे क्वचित घडतं. मग त्याने एका वाटसरूला फोटो काढायला सांगितलं. फोटोत कॉलेजचं नाव येत नाही, लेखक पूर्ण येतो. तो त्याने लगेच स्टेटसला ठेवला.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या मुलाने सौजन्य म्हणून विचारलं, "तिकडे काय होतं?" त्याला सोराबजी प्रकरण जन्मापासून ऐकावं लागलं. हाय विकमच्या आसपास त्याला झोप लागली. तोवर गोष्ट १८९२ पर्यंतच आली होती. लेखकाने पाण्याचा घोट घेतला आणि पुढच्या सीटकडे मोर्चा वळवला.