पुढची पाच षटकं फार महत्त्वाची

वीस षटकांच्या डावात पाच-पाच षटकांचे गट किती, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. समालोचकांच्या हिशेबात मात्र गट एकच. तो सामनाभर पुढे सरकत राहतो आणि त्याचं नाव ‘पुढची पाच षटकं’. डाव सुरू होताना ती महत्त्वाची, कारण पॉवरप्ले आहे. सहा षटकं झाली की महत्त्वाची, कारण पॉवरप्ले संपला. पंधरानंतर तर बोलायलाच नको. पण म्हणून ते थोडेच गप्प बसतात! कसोटीत हेच काम ‘पहिला तास’ करतो. तो दिवसातून तीनदा येतो : सकाळचा, जेवणानंतरचा आणि चहानंतरचा. बिनमहत्त्वाचं षटक टाकलं गेल्याचं निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही.

दुसरा लाडका उद्योग म्हणजे न पडलेल्या विकेट धावफलकात मिळवणं. संघाच्या दोन बाद ८० झाल्या, की वरून आवाज येतो, ‘यात आणखी दोन विकेट मिळवून बघा, चित्र किती वेगळं दिसतं!’ दिसणारच. ही रीत मी बँकेच्या पासबुकावर वापरून पाहिली. शिलकेपुढे दोन शून्यं मिळवली आणि चित्र इतकं वेगळं दिसलं, की गाडीचा रंग कोणता घ्यायचा यावरून घरात भांडण लागलं.

गोलंदाजाने काय करावं? तर ‘राइट एरियाज’मध्ये चेंडू टाकत राहावं. हे एरिया नेमके कुठे, कुठल्या नाक्यावर उतरायचं, ते कुणी सांगत नाही. तिथे पडूनही चेंडू सीमापार गेला तर ‘चेंडू वाईट नव्हता’, आणि तिथे पडलाच नाही तर ‘प्लॅन बरोबर होता, एक्झिक्युशन चुकलं’. फलंदाजासाठी ‘इंटेंट’ राखून ठेवलेला असतो. आडवीतिडवी बॅट फिरवून शून्यावर परतलेल्याने इंटेंट दाखवलेला असतो. शंभर चेंडू खेळून तीस धावा काढणाऱ्याकडे धावा असतात, इंटेंट नसतो. (चेतेश्वर पुजाराने हा शब्द किती ऐकला असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक.) राहता राहिला मोमेंटम. तो कुणी पाहिलेला नाही, पण सतत कुणाच्या तरी हातून निसटत असतो.

षटकाराचं तर नावच गेलं. २००८ च्या पहिल्या आयपीएलपासून तो ‘मॅक्सिमम’ झाला, तोही एका बिल्डरचं आडनाव लावून : ‘डीएलएफ मॅक्सिमम’. पुढे झेलही मोबाइल कंपनीच्या नावावर चढला आणि ‘कार्बन कमाल कॅच’ झाला. झेपावायचं खेळाडूने, कमाल फोनची. प्रायोजकाने पैसे मोजले होते, तोवर एक वेळ समजू शकतो. पण बिल्डर गेला आणि मॅक्सिमम राहिला, तोही फुकटात. पाटी उतरवायला कुणी आलंच नाही. शिवाय नो-बॉलवर षटकार बसला तर सात धावा होतात. मग सहा हे जास्तीत जास्त कसे, ही शंका समालोचन कक्षात अजून कुणाला आलेली दिसत नाही.

रवी शास्त्रींची ‘ट्रेसर बुलेट’ हे वेगळंच प्रकरण. मागे उजेडाची रेघ सोडत जाणारी बंदुकीची गोळी म्हणजे ट्रेसर बुलेट. शास्त्रींच्या राज्यात चेंडू कव्हरमधून गवतावरून गेला तरी ती सुटते. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोतून आलेल्या याच माणसाने जानेवारी १९८५ मध्ये वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राजला एका षटकात सहा षटकार मारले होते. तेव्हा एकही गोळी झाडली गेली नव्हती, चेंडू मात्र व्यवस्थित गेले. नाणेफेकीला त्यांचा आवाज लागला की शेजारी उभ्या कर्णधारांच्या कानांची काळजी वाटते. तरी शास्त्रींवर आमचा राग नाही. २ एप्रिल २०११ च्या रात्री विश्वचषक जिंकून देणाऱ्या धोनीच्या षटकारावर ते जे बोलले, ते अजून पोराटोरांना पाठ आहे. त्या गर्जनेत निदान क्रिकेट असतं.

आता हे सगळं अज्ञानातून येतं म्हणावं, तर माइकसमोरची माणसं पाहा. कसोटीत सर्वांत आधी दहा हजार धावांवर पोहोचलेले सुनील गावसकर, शास्त्री, संजय मांजरेकर. मुंबईच्या मैदानांवर घडलेली ही मंडळी. फलंदाजाचं कुठे चुकतंय, हे तो बाद होण्याआधी त्यांना दिसतं. मग ‘दोन विकेट मिळवून बघा’ कशासाठी? माझा संशय असा, की ते समालोचन नसून हेल्मेट आहे. ज्या वाक्यात काही नाही, त्यावर कुणी रागावू शकत नाही.

मांजरेकरांनी २०१९ च्या विश्वचषकात हे हेल्मेट काढून ठेवलं. रवींद्र जडेजाला ते ‘बिट्स अँड पीसेस’ खेळाडू म्हणाले, म्हणजे इकडचं थोडं, तिकडचं थोडं. चूक म्हणा, उद्धट म्हणा, पण ते मत होतं. जडेजाने आधी ट्विटरवर झाडलं, मग मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात ७७ धावा ठोकल्या, आणि मांजरेकरांनीही मोकळेपणाने हार मानली. हिशेब तिथे मिटायला हवा होता. मार्च २०२० मध्ये बीसीसीआयच्या समालोचकांच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. त्याआधी २०१६ च्या आयपीएलला हर्षा भोगले अचानक गायब झाले होते; का, ते आपल्यालाही कुणी सांगितलं नाही, असं त्यांनीच लिहिलं. बाकीच्यांनी यातून घ्यायचा तो बोध घेतला : पुढची पाच षटकं फार महत्त्वाची!

गावसकरांचं वय आणि धावा दोन्ही इतक्या, की त्यांना कोण काय म्हणणार? डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला ऋषभ पंत नको तो स्कूप मारून झेलबाद झाला, तेव्हा ते ‘स्टुपिड’ म्हणाले, लागोपाठ तीनदा. माइक ऑस्ट्रेलियन रेडिओचा होता, हेही ध्यानात घ्यावं. सहा महिन्यांनी लीड्सला पंतने शतक केलं, तेव्हा ‘सुपर्ब’, तेही तीनदा. शब्द दोनच, पण ना मोमेंटम, ना एरिया, आणि काय म्हणायचंय ते पंतलाही कळलं, आम्हालाही.

आमच्या मराठीत बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून सामना सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याला काही दिसत नसे; त्यामुळे चेंडू कुठे गेला हे सांगणं भागच होतं. टीव्हीवर तो गेलेला आम्हाला दिसतो, तरी सांगतात. ऑस्ट्रेलियाचे समालोचक रिची बेनॉ म्हणत, चित्रात भर घालता येत असेल तरच तोंड उघडावं. हा नियम आज लावला, तर निम्मे सामने मूकपट होतील.

२०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएल बारा भाषांत दाखवलं आणि त्यात मराठी आली. आम्ही हरखलो. थोड्याच वेळात ‘मोमेंटम शिफ्ट झालाय’ असं अस्सल मराठीत ऐकू आलं. मात्र त्याच मोसमात एक फार चांगली गोष्ट घडली. केदार जाधव मराठी समालोचन करत होता. बंगळुरूच्या संघातून डेव्हिड विली बाहेर पडला आणि त्याच्या जागी संघाने थेट केदारलाच उचललं. माइकवरून मैदानात! हा पायंडा पडायला हवा होता. ‘इथे सरळ बॅटने खेळायला हवं होतं’ असं जो म्हणेल, त्याला तिथल्या तिथे पॅड बांधून खाली पाठवावं. समोर बुमराह असावा, हातात नवा चेंडू असावा. एक्झिक्युशन चुकलं तर आम्ही समजून घेऊ. फक्त इंटेंट दिसला पाहिजे.